गुडघा हलला की आवाज गुल: एका डबल-नेक पेडल स्टीलच्या वायरिंगची केस

पार्श्वभूमी

वाद्य म्हणजे पेडल स्टील: आडवी ठेवून, तारांवर धातूचा बार धरून वाजवायची आणि पेडल, गुडघे वापरून सूर बदलायची गिटार. हे दोन नेकचं, म्हणजे तारांच्या दोन पट्ट्यांचं. वादकापासून लांबचा नेक ई-९ ट्यूनिंगचा, जवळचा सी-६ चा, प्रत्येकावर १० तारा. खाली आठ पेडल आणि पाच नी लिव्हर, म्हणजे गुडघ्यानं ढकलायच्या दांड्या. मालक हेच वाद्य अनेक वर्षं वाजवतोय आणि आपली दुरुस्ती आपणच करण्याची त्याला हौस आहे. ओळख पटू नये म्हणून इथं त्याला नुसतं 'वादक' म्हणतो.

मूळची वायरिंग अगदी साधी होती. दोन्ही नेकना एकेक सिंगल कॉइल पिकअप, म्हणजे तारेचं कंपन विजेच्या संकेतात बदलणारं, चुंबकाभोवती बारीक तारेचं एकच वेटोळं. तिथून वायर तीन जागांच्या टॉगलवर: ई-९, दोन्ही, सी-६. टॉगलवरून थेट जॅक. वाद्यावर व्हॉल्यूम नाही, टोन नाही. आवाजाचा सगळा कारभार पायाखालच्या व्हॉल्यूम पेडलकडे, त्यात ५०० किलोओहमचा पॉट, म्हणजे कमी-जास्त करता येणारा रोध.

पेडल स्टीलचे पिकअप साध्या इलेक्ट्रिक गिटारपेक्षा बरेच जास्त वेढ्यांचे असतात. साध्या गिटारचा सिंगल कॉइल मीटरवर ६-७ किलोओहम दाखवतो, तर पेडल स्टीलचा १५ ते २० सहज. वेढे जास्त म्हणून आवाज भरदार. पण तेच वेढे आसपासच्या ट्रान्सफॉर्मरचं, वीजवाहिन्यांचं चुंबकीय क्षेत्रही तितक्याच आवडीनं उचलतात. हमिंग हा या वाद्याचा जुना सोबती आहे.

वादकाला त्याचाच कंटाळा आला होता. त्यानं ई-९ चा जुना पिकअप काढून चार वायरींचा हमबकर (हमिंग खोडणारा दोन कॉइलचा पिकअप) बसवला आणि शेजारी एक छोटा टॉगल लावला. एका बाजूला दोन्ही कॉइल सिरीजमध्ये, दुसऱ्या बाजूला एकच कॉइल. सोल्डरिंग स्वतःच केलं. पिकअपबरोबर आलेला कागद तोवर हरवला होता, म्हणून हाताशी असलेला दुसऱ्याच मेकचा वायरिंगचा नकाशा घेतला. सी-६ चा पिकअप जुनाच राहिला.

तक्रार, जशी सांगितली तशी

"तुम्ही एकदा ऐकून तर बघा. हमिंग जावं म्हणून हा घेतला, आणि हाच जास्त गुणगुणतोय. शिवाय आवाज पातळ. आणि मधेच कधीतरी बंदच पडतो. पिकअपच खराब निघाला बहुतेक, परत करून टाकतो."

एका दमात तीन तक्रारी आल्या आणि त्या तिन्हींवर एकच निकालही लागला. पुढची बरीचशी वेळ या निकालातून बाहेर पडण्यात गेली, माझीसुद्धा.

आणखी एक गोष्ट त्यानं जाता जाता सांगितली: "तो छोटा स्विच मी उलटा बसवलाय. सिंगलवर केलं की हमिंग कमी आणि आवाज जाड, हमबकरवर केलं की उलट. म्हणून पट्टी बदलून चिकटवली." खरंच, स्विचजवळ कागदी चिकटपट्टी होती. जुना शब्द खोडून वर 'सिंगल' आणि खाली 'हमबकर' लिहिलेलं. निदानाची अर्धी किल्ली त्या पट्टीवरच होती. त्या दिवशी मला ती दिसली नाही.

पहिला निर्णय, आणि तो चुकला

वाद्य अँपला लावलं. हात बाजूला असताना दोन आवाज एकात एक मिसळलेले होते. एक खालचा, घट्ट 'गूंऽऽ', म्हणजे मेन्सच्या ५० किंवा ६० हर्ट्झचा आणि त्याच्या पटींचा. दुसरा वरचा, कातर, माशी अडकल्यासारखा. तारांवर हात ठेवला की माशी गप्प व्हायची, 'गूं' तसाच राहायचा.

हे दोन वेगळे आजार आहेत. माशीसारखी खरखर विद्युत क्षेत्रातून येते. तिला ग्राउंडला जोडलेलं धातूचं आवरण अडवतं, आणि तारा ग्राउंडला असल्या तर वादकाचं अंगही तेच काम करतं. पेडल स्टीलवर एका हातात धातूचा बार आणि दुसऱ्या हाताच्या बोटांवर धातूचे पिक असतात, त्यामुळे वाजवताना ती खरखर बहुधा दबूनच असते. 'गूं' मात्र चुंबकीय क्षेत्रातून येतो. तांब्याच्या पातळ पट्टीला तो भीक घालत नाही.

हे सगळं माहीत असूनही मी तांब्याची पट्टी घेऊन बसलो. हात ठेवल्यावर काहीतरी कमी होतंय हे कानांनी ऐकलं होतं आणि त्यावरचा उपाय हातात होता. पिकअपची खाच आतून पूर्ण मढवली, पट्टीचे सांधे एकमेकांना सोल्डर केले, एक वायर ग्राउंडला नेली. एक अख्खी संध्याकाळ गेली. माशी बरीच शांत झाली, 'गूं' जिथल्या तिथं. वादकानं ऐकून मान हलवली, तेवढंच. न बोलता हललेली मान फार बोलते.

त्या संध्याकाळच्या शेवटी, खरं तर निघता निघता, मी वाद्य पायांसकट उचलून पाव वळण फिरवलं. 'गूं' जवळजवळ गेला. आणखी फिरवलं, पुन्हा आला. सिंगल कॉइल असंच करतो, कारण क्षेत्राच्या दिशेशी कॉइलचा कोन बदलतो. बरोबर जोडलेल्या हमबकरला दिशेनं इतका फरक पडायला नको. त्याच्या दोन कॉइल बाहेरचा गोंगाट एकमेकींविरुद्ध उचलतात, तो दिशा कुठलीही असो आपापसात खोडला जातो. म्हणजे हा हमबकर हमबकरसारखा वागतच नव्हता. हे वळण संध्याकाळच्या सुरुवातीला घेतलं असतं तर तांब्याची पट्टी रिळातच राहिली असती.

मीटर काय म्हणाला

दुसऱ्या बैठकीत इस्त्री तापवायची नाही असं ठरवलं. (सोल्डरिंग आयर्नला आम्ही इस्त्रीच म्हणतो.) जॅकमध्ये केबल, केबलच्या दुसऱ्या टोकाला मल्टीमीटर. पहिल्यांदा घाईत व्हॉल्यूम पेडल मध्येच राहिलं होतं आणि आकडा १५.९ किलोओहम आला. पेडलचा ५०० किलोओहमचा पॉट पिकअपला समांतर बसतो, त्यामुळे आकडा थोडा खाली येतो. पेडल काढल्यावर:

ई-९, छोटा स्विच एका बाजूला: १६.४ किलोओहम. दुसऱ्या बाजूला: ८.२. सी-६: १७.१.

पिकअप तुटलेला नाही, दोन्ही कॉइल शाबूत आहेत, इतकं इथंच स्पष्ट झालं. पण १६.४ आकडा कुठल्या बाजूला आला? पट्टीवर 'सिंगल' लिहिलेल्या बाजूला. म्हणजे बदललेली पट्टी खोटी होती. दोन्ही कॉइल खरोखर सिरीजमध्ये असताना आवाज पातळ आणि हमिंग मोठं, आणि एकच कॉइल असताना आवाज जाड आणि हमिंग निम्मं.

वादकाचा गोंधळ का झाला तेही कळण्यासारखं आहे. टॉगल स्विचची दांडी वर केली की आत संपर्क खालच्या पायांशी (वायर सोल्डर करायच्या टोकांशी) जुळतो. पाय पाहून जोडणाऱ्याचा अंदाज इथं हमखास उलटतो. आपलाही अंदाज तसाच उलटला, असं त्याला वाटलं. मूळची बरोबर असलेली पट्टी त्यानं आवाज ऐकून बदलली आणि नकळत चुकीची केली. उलटं दुसरंच काही होतं.

दोन कॉइल सिरीजमध्ये असताना तारेचा आवाज कमी आणि गोंगाट जास्त, याचं स्पष्टीकरण एकच. एक कॉइल उलटी जोडली गेलीय. हमबकरमध्ये एका कॉइलच्या चुंबकाचं तोंड दुसरीच्या उलट असतं आणि वेढ्यांची दिशाही उलट. तारेच्या कंपनासाठी दोन उलट मिळून सुलट होतं, आवाज जमा होतो. बाहेरच्या गोंगाटाला चुंबकाशी देणंघेणं नाही, त्याच्यासाठी एकच उलट उरतो आणि तो खोडला जातो. आता यातल्या एका कॉइलची टोकं अदलाबदल करा: आवाज खोडला जातो, गोंगाट जमा होतो. जे विकत घेतलं त्याच्या बरोबर उलटं मिळतं. आणि ओहममीटरला यातलं काहीच दिसत नाही. टोकं कशीही लावा, रोध तोच. १६.४ हा आकडा बरोबर जोडणीतही तितकाच आला असता.

मग काट्याचा जुना मीटर काढला, डीसीच्या सगळ्यात खालच्या रेंजवर. चारही वायरी मोकळ्या केल्या. एका कॉइलच्या जोडीला मीटर लावून स्क्रू ड्रायव्हरचं पोलादी टोक तारांमधून पिकअपवर टेकवलं आणि झटकन उचललं. काटा किंचित उजवीकडे. दुसऱ्या जोडीला तेच केलं. आधी वादकाचा बार वापरून पाहिला होता, पण काटा ढिम्म. स्टेनलेसचे काही प्रकार चुंबकाला दाद देत नाहीत, हा बार त्यातलाच निघाला. दोन्ही कॉइलमध्ये काटा एकाच दिशेला जाईल अशा रीतीनं मीटरच्या वायरी लावल्या आणि प्रत्येक वेळी धन टोकाला कुठला रंग आहे ते कागदावर लिहिलं. एकात लाल, दुसऱ्यात पांढरा.

इथं रंगांचा घोळ उलगडला. चार वायरींच्या हमबकरच्या रंगांना सर्वमान्य नियम नाही. पिकअप बनवणाऱ्या सीमोर डंकनच्या पद्धतीत काळी गरम बाजूला (जॅककडे आवाज नेणाऱ्या बाजूला), पांढरी आणि लाल एकमेकींना, हिरवी ग्राउंडला. दुसरा मेक डिमार्झिओ, त्याच्या पद्धतीत लाल गरम बाजूला, काळी आणि पांढरी एकमेकींना, हिरवी ग्राउंडला. हा पिकअप या दोघांपैकी कुणाचाच नव्हता, पण त्याचे रंग दुसऱ्या पद्धतीचे निघाले: लाल-काळी एक कॉइल, पांढरी-हिरवी दुसरी. वादकानं जोडणी केली पहिल्या नकाशानं. म्हणजे गरम बाजूला काळी, आणि लाल-पांढरी एकत्र. बोट ठेवून वाचा: काळीतून शिरलो, लालमधून बाहेर, पांढरीत शिरलो, हिरवीतून ग्राउंड. कुठंही तुटलं नाही, कुठंही शॉर्ट नाही, फक्त पहिली कॉइल उलटी. चार रंगांपैकी दोनच बदलले असताना इतका बेमालूम घोटाळा होतो, म्हणून हा प्रकार सापडायला वेळ लागतो.

गुडघ्याचं भूत

राहिली मधेच बंद पडण्याची तक्रार. ती फक्त ई-९ वर, कधीमधी. कुठला पॅटर्न नाही, असं वादक म्हणाला. आमचा पहिला संशय व्हॉल्यूम पेडलवर. पॉट झिजला की खरखरतो, आवाज मरतो, हे रोजचं आहे. पेडल बाजूला काढून वाद्य थेट अँपला लावलं. दहा मिनिटांत आवाज पुन्हा गेला, म्हणजे पेडल निर्दोष. आणि जाताना खरखर नव्हती. नुसता कट, हमिंगसकट सगळं शांत. हे महत्त्वाचं आहे. गरम वायर तुटली तर हमिंग वाढतं, कारण पुढची मोकळी वायर अँटेना होते. सगळं एकदम शांत होणं म्हणजे गरम वायर ग्राउंडला टेकणं.

वाद्य उलटं करून टेबलावर ठेवलं. पोटाखालचा सगळा पसारा समोर: पेडल-लिव्हरनं फिरणारे क्रॉस शाफ्ट, त्यांवरचे बेलक्रँक म्हणजे छोटे दांडे, तिथून चेंजरकडे (तारा ताणणाऱ्या-सैल करणाऱ्या यंत्रणेकडे) जाणारे पुल रॉड. मीटर जॅकला लावून एकेक शाफ्ट बोटानं फिरवला. काही नाही, आकडा हलला नाही. वायर हलवली, ठोकून पाहिलं, काही नाही. वाद्य सरळ उभं केलं, वादकानं चार ओळी वाजवल्या, आवाज गेला.

इथं अर्धा तास गेला. मग लक्षात आलं की वाद्य उलटं केलं की वायरीही उलट्या दिशेला लोंबतात. उभ्या वाद्यात सैल वायर खाली, यंत्रणेवर पडते. उलट्या वाद्यात तीच वायर यंत्रणेपासून दूर, लाकडाकडे जाते. टेबलावर ठेवलं की दोष आपोआप बरा होत होता.

मग मी टॉर्च घेऊन जमिनीवर आडवा झालो, मीटर छातीवर, आणि वादकाला एकेक पेडल आणि लिव्हर सावकाश चालवायला सांगितलं. पेडलांवर काही नाही. डाव्या गुडघ्याच्या लिव्हर, काही नाही. उजवा गुडघा बाहेर ढकलला आणि आकडा १६.४ वरून शून्यावर. ही लिव्हर या वाद्यावर ई-९ च्या दुसऱ्या आणि नवव्या तारा खाली आणते, सी-६ वर ती जोडलेलीच नाही. म्हणून 'फक्त ई-९ वर'. आणि आम्ही दोघंही 'फक्त ई-९' ऐकून नव्या पिकअपकडे बोट दाखवत होतो.

छोट्या स्विचपासून नेकच्या टॉगलकडे जाणारी गरम वायर त्या लिव्हरच्या बेलक्रँकवर पडली होती. क्रँकच्या धारेनं तिच्या प्लॅस्टिकवर नखाएवढी खाच पाडली होती, आत दोन-तीन तांब्याचे तंतू चमकत होते. शाफ्ट फिरला की धार त्या खाचेत बसायची. बेलक्रँक ग्राउंडला कसा, हा प्रश्न वादकानं विचारला आणि बरोबर विचारला, कारण रॉडच्या चेंजरकडच्या टोकाला नायलॉनचा नट असतो. पण रॉड चेंजरच्या फिंगरमधल्या (तार ओढणाऱ्या धातूच्या तुकड्यातल्या) भोकातून जातो आणि भोकाच्या कडेला घासतो. चेंजर तारांसकट ग्राउंडला. घासलं तर ग्राउंड, नाही घासलं तर नाही. 'कधीमधी'चा उगम तिथं.

पर्याय

आता कारणं हातात होती आणि निवड करायची होती. वादकाचा कल अजूनही जुना पिकअप परत बसवण्याकडे होता. त्यातही एक शक्यता चांगली होती. डबल-नेकवर दोन पिकअप वेगवेगळ्या तारा ऐकतात. त्यामुळे एका पिकअपची टोकं उलटवली तर मधल्या जागी दोघांचं हमिंग बरंचसं खोडलं जातं आणि तारेचा आवाज पातळही होत नाही, कारण तो एकाच पिकअपमधून येतोय. किंमत एवढीच की दुसरा पिकअप ओझं म्हणून बसतो आणि आवाज साधारण निम्म्यावर येतो. पण जुन्या पिकअपची वायर बाहेरून धातूच्या जाळीची, आणि जाळी हेच तिचं एक टोक. ते टोक गरम बाजूला नेलं की अख्खी जाळी अँटेना होते. त्यासाठी पिकअपच उघडून नवी वायर काढावी लागली असती, तीही केसाएवढ्या बारीक तारेच्या टोकांना हात लावून. मी नको म्हणालो.

हमबकर बरोबर जोडून स्विच काढून टाकणं हा सर्वात सोपा मार्ग. त्याला तो पटला नाही, त्याला दोन आवाज हवेच होते. सिरीज आणि सिंगल ही जोडी ठेवली तर सिंगलवर हमिंग परत येणार. राहिला सिरीज आणि पॅरलल. पॅरललमध्ये दोन्ही कॉइल चालू राहतात म्हणून हमिंग खोडलेलंच राहतं. रोध आणि इंडक्टन्स सिरीजच्या चौथाईवर येतो, त्यामुळे केबलच्या कपॅसिटन्सबरोबर होणारा रेझोनन्स हिशेबानं दुप्पट वर सरकतो, आवाज उजळतो. आउटपुट मात्र साधारण निम्मं, म्हणजे ६ डेसिबल खाली. आम्ही हेच घेतलं.

प्रत्यक्ष काम

छोटा स्विच बदलून सहा पायांचा लावला. लाल कायम गरम बाजूला, हिरवी आणि उघडी शील्ड कायम ग्राउंडला. मधल्या दोन पायांवर काळी आणि पांढरी. एका टोकाचे दोन पाय एकमेकांना जोडले: तिकडे स्विच असला की काळी-पांढरी एकत्र, म्हणजे सिरीज. दुसऱ्या टोकाला काळीच्या रांगेतला पाय ग्राउंडला, पांढरीच्या रांगेतला गरम बाजूला: पॅरलल. सोल्डर करण्याआधी मगरचिमट्यांनी जोडून स्क्रू ड्रायव्हर टेकवून काट्याची दिशा पुन्हा पाहिली. मीटरवर १६.४ आणि ४.१.

खाच पडलेली वायर टेप गुंडाळून वाचवली नाही, पूर्ण बदलली. नवी वायर मागच्या उभ्या फळीच्या वरच्या कडेनं, सगळ्या शाफ्टच्या वरून नेली आणि दर वितीवर क्लिपनं लाकडाला धरली. मग वाद्य उभं असताना, खाली झोपून, सगळी पेडल आणि लिव्हर एकत्रसुद्धा चालवून पाहिली.

काम चालू असताना मी आणखी एक निर्णय घेतला. तो वादकाला नीट विचारून घ्यायला हवा होता. ई-९ पॅरललवर असताना नेकचा टॉगल मधल्या जागी आणला की सी-६ जवळजवळ गायब होत होता. ढोबळ हिशेब: १७.१ किलोओहमच्या पिकअपवर ४.१ चं ओझं, म्हणजे आवाज पाचव्या भागावर. (कॉइल म्हणजे नुसता रोध नव्हे, पण प्रमाण कळायला एवढं पुरतं.) "मधली जागा वापरता का?" असं विचारलं. तो म्हणाला, "क्वचित." मी तीन जागांचा टॉगल काढून दोन जागांचा लावला.

काय झालं

हमिंगची तक्रार संपली. वाद्य कुठल्याही दिशेला वळवा, ई-९ शांत. सिरीजचा आवाज वादकाला पहिल्या तारेलाच आवडला. जो 'खराब पिकअप' तो परत पाठवणार होता तो हाच. कट पुन्हा झाला नाही.

पॅरलल त्याला आवडतं पण वाजवताना अडचण होते. पेडल स्टीलवाला व्हॉल्यूम पेडल सुरुवातीला पूर्ण दाबत नाही. स्वर विरत जातो तसा पाय पुढे नेतो, म्हणून स्वर लांबतो. पॅरललवर ६ डेसिबल आधीच कमी, त्यामुळे तो राखीव प्रवास सुरुवातीलाच खर्च होतो आणि लांब स्वराच्या शेवटी पायाखाली काही उरत नाही. जलद, तुटक वाजवण्यापुरतं तो ते वापरतो.

सी-६ चा सिंगल कॉइल अजून गुणगुणतोच.

पुन्हा करायचं झालं तर

वाद्य फिरवून पाहणं आणि मीटर लावणं, दोन्ही मिळून पाच मिनिटांचं काम. ते तांब्याच्या पट्टीआधी करीन. पट्टीचा उपयोग झाला नाही असं नाही, पण ती ज्या तक्रारीसाठी लावली त्या तक्रारीशी तिचा संबंध नव्हता.

तक्रार लिहून घेताना 'कधी बंद पडतं' याऐवजी 'त्या क्षणी तुमचे पाय आणि गुडघे कुठं असतात' असं विचारीन. वादकाला ते आठवत नाही, कारण त्याचे गुडघे त्याच्या नकळत चालतात. पण तो वाजवत असताना शेजारी बसून पाहणाऱ्याला ते दिसतं. मी त्याच्या हातांकडे पाहत होतो.

चार वायरींचा कुठलाही पिकअप आला, कागद सोबत असला तरी, काट्याच्या मीटरनं टोकं तपासूनच जोडीन. रंग हे बनवणाऱ्याचे, काटा आपला.

आणि मधल्या जागेबद्दल. महिन्याभरानं वादकाचा निरोप आला. 'क्वचित' म्हणजे काय ते तेव्हा कळलं. एकाच गाण्यात ई-९ वरून सी-६ वर उडी मारायची असली की तो आधीच टॉगल मध्ये ठेवून द्यायचा, म्हणजे हात स्विचकडे न्यावा लागत नसे. वर्षाकाठी थोडीच गाणी तशी, पण नेमकी तीच लोक मागतात. जुना टॉगल मी फेकला नव्हता. तो परत बसवला. ई-९ सिरीजवर असताना मधल्या जागी दोन्ही नेकचा आवाज निम्म्यावर येतो, पण निदान सारखा येतो. छोट्या स्विचजवळ त्यानं नवी चिकटपट्टी लावलीय: 'मध्ये असेल तर सिरीज'. ती पट्टी लावण्याआधी त्यानं दांडी कुठल्या बाजूला आहे ते मीटरवर पाहून घेतलं.